ब्रुनोची गोगलगाय की शेताचे पाणी?

निर्झर :
अमेरिकेतील आयडाहो राज्यात ब्रुनो नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत आणि जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची एक गोगलगाय जगात फक्त तिथेच आढळते. ती झऱ्याखालच्या ओल्या खडकावर राहते, जिथे पाण्याचा थर कधी कधी कागदाएवढा पातळ असतो; तिच्या विणीसाठी त्या पाण्याचे तापमान साधारण २० ते ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. १९६० च्या दशकापासून सिंचनासाठी त्याच भूजलाचा उपसा वाढत गेला आणि ‘इंडियन बाथटब’ नावाचा मोठा झरा आटत गेला. जानेवारी १९९३ मध्ये ही प्रजाती कायद्याने संकटग्रस्त ठरली. उपसा कमी केल्याविना हे संरक्षण कागदावरच राहते, असे माझे मत आहे.

रोखठोक :
कागदावरचे संरक्षणही शेतकऱ्याला महाग पडते. ज्यांनी विहिरींच्या भरवशावर शेते उभी केली, त्यांना खडकावरच्या ठिपक्यासाठी पंप बंद करा म्हणणे सोपे आहे, कारण सांगणाऱ्याचे पीक वाळत नाही. शिवाय १९९३ च्या त्या निर्णयातील एक महत्त्वाचा भूजल अहवाल लोकांच्या हरकतींसाठी खुला केलाच नव्हता, म्हणून शेतकरी संघटनेची बाजू मान्य करून जिल्हा न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय रद्द केला होता.

निर्झर :
अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने ती चूक मान्य केली, अहवालावर हरकती मागवायला सांगितले, पण तोवर रद्द झालेले संरक्षण पुन्हा लागू ठेवले; कारण कागदपत्रे दुरुस्त होईपर्यंत प्रजातीच संपली, तर ती परत आणता येत नाही. प्रजाती संकटग्रस्त ठरवताना खर्चाचा विचार करायचा नाही, हेही कायद्यातच आहे.

रोखठोक :
तोच तर कायद्याचा दोष आहे. आणि बाहेरून आणलेले टिलापियासारखे मासे त्या गोगलगायी खातात, त्यांचे काय? सगळे खापर पंपावरच का?

आडवाट :
मासे काढलेच पाहिजेत, पण कोरड्या खडकावर गोगलगाय मासे नसतानाही मरते. मला रोखठोक यांचा एक मुद्दा मात्र पटतो : झरा वाचवण्याचा सगळा भार उपसा करणाऱ्या मूठभर कुटुंबांवर टाकणे अन्यायाचे आहे. सरकारने मोबदला देऊन काही जमीन सिंचनातून मुक्त करावी. भूजलाची पातळी खाली जाते, ती झऱ्याची आणि विहिरीची वेगळी नसते. आज मोबदला नाकारणारा उद्या अधिक खोलीवरून पाणी ओढण्यासाठी विजेचे बिल भरणारच आहे.

रोखठोक :
मोबदला पुरेसा असेल आणि शेतकऱ्याला नाही म्हणण्याचा हक्क असेल, तर माझा विरोध नाही. पण त्याने नाही म्हटले तर?

निर्झर :
तर शेजारी हो म्हणेल का, ते पाहावे लागेल. एकाच भूजलावर अनेक पंप आहेत. सगळेच बंद करा, असे मीही म्हटलेले नाही.