व्हील अलाइनमेंटचे अंदाजपत्रक ३,१९२ रुपये: यातील कोणते काम खरोखर आवश्यक आहे?

प्रश्न: सातारा_पुणे_फेरी

नमस्कार.

माझी स्विफ्ट सहा वर्षांची असून ती ५८,००० किलोमीटर धावली आहे. आठवड्यातून दोनदा सातारा ते पुणे जाणे-येणे होते. पावसाळ्याच्या अखेरीस शिरवळजवळच्या सेवा रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे डावे चाक जोरात आदळले. रिम वाकली नाही, टायरला फुगाही आला नाही, म्हणून मी गाडी तशीच चालवत राहिलो. त्यानंतरच्या सुमारे ४,००० किलोमीटरमध्ये गाडी हळूहळू डावीकडे ओढू लागली, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळवून धरावे लागू लागले आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कडा बाहेरच्या कडेपेक्षा उघड जास्त झिजलेली दिसू लागली. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंगला बारीक थरथरही जाणवते.

काल महामार्गालगतच्या एका टायरच्या दुकानात गाडी थ्री-डी मशीनवर (चाकांचे कोन मोजणाऱ्या यंत्रावर) लावली. त्यांनी दिलेले अंदाजपत्रक असे आहे: अलाइनमेंट ४५० रुपये, चार चाकांचे बॅलन्सिंग (रिमला वजने लावून चाकाचा तोल साधणे) ४०० रुपये, ८५ ग्रॅम वजने प्रतिग्रॅम ३ रुपये दराने २५५ रुपये, दोन्ही पुढच्या चाकांचे ‘कॅम्बर करेक्शन’ (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेरचा कल दुरुस्त करणे) प्रत्येकी ७०० प्रमाणे १,४०० रुपये आणि टायरमध्ये नायट्रोजन वायू भरणे २०० रुपये. यावर १८ टक्के जीएसटी धरून एकूण ३,१९२ रुपये होतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरने फोनवर अलाइनमेंटचे ७५० आणि बॅलन्सिंगचे ८०० रुपये सांगितले, मात्र कॅम्बरचा उल्लेख केला नाही.

मी काम न करता केवळ मोजमापाचा कागद घेऊन परतलो. त्यावर पुढच्या डाव्या चाकाचा टो (वरून पाहता चाक सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर किती वळले आहे तो कोन) उणे ०°१८′ आणि उजव्याचा उणे ०°०६′ आहे. कॅम्बर डावीकडे उणे ०°४०′ आणि उजवीकडे उणे ०°१०′ आहे. कॅस्टरच्या (बाजूने पाहता चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) रकान्यात नुसती रेघ आहे. कॅम्बर दुरुस्त केल्याखेरीज गाडी ओढणे थांबणार नाही, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. हा खर्च करावा का, आणि या कामाचा रास्त दर किती असावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: करवीर_गॅरेज

आपण काम न करता कागद घेऊन आलात हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कागदावरच आहे. मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो आणि गेली बावीस वर्षे अलाइनमेंटचे काम स्वतःच्या हाताने करतो.

प्रथम कॅम्बरविषयी. दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाचा फरक असेल, तर गाडी ओढू शकते हे खरे आहे. परंतु ती नेहमी त्या बाजूला ओढते, ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन असतो, म्हणजे ज्या चाकाचा माथा दुसऱ्याच्या तुलनेत बाहेर झुकलेला असतो. आपल्या गाडीत डावे चाक अधिक आत झुकलेले आहे. म्हणजे कॅम्बरमुळे गाडी ओढत असती, तर ती उजवीकडे ओढली असती. आपली गाडी डावीकडे जाते. तेव्हा १,४०० रुपये ज्या कारणासाठी मागितले आहेत, ते कारण आपल्या तक्रारीशी उलट दिशेने जाते.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या गाडीत कॅम्बर फिरवून बसवण्याची मूळ सोयच नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी आडवी तुळई) असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये कंपनीने दिलेली तजवीज फक्त पुढच्या टोची असते; टाय रॉडचा (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) लॉकनट सैल करून रॉड फिरवला की टो बदलतो. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) जोडणारे दोन बोल्ट सैल केले, तर भोकांमधल्या मोकळ्या जागेपुरता कॅम्बर थोडा हलतो, आणि ते काम करायला माझी हरकत नाही. परंतु अनेक ठिकाणी ‘करेक्शन’ म्हणून हायड्रॉलिक जॅकचा जोर लावून स्ट्रटच वाकवतात. कागदावर आकडा हिरवा होतो, म्हणजे मर्यादेत दिसतो, पण शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर नको तो ताण कायमचा बसतो. ते काम कोणत्या पद्धतीने करणार, हे दुकानदाराला आधी अवश्य विचारा.

आता टायर का झिजला ते पाहू. आपला दोन्ही चाकांचा मिळून टो उणे २४ मिनिटे, म्हणजे ०.४ अंश आहे. चाकांची पुढची तोंडे एकमेकांपासून दूर गेली आहेत. सरळ धावताना ही चूक दोन्ही चाके वाटून घेतात, म्हणून प्रत्येक चाक ०.२ अंशाने तिरके धावते. हिशेब केला, तर प्रत्येक किलोमीटरला टायर सुमारे साडेतीन मीटर आडवा घासला जातो आणि आपल्या ४,००० किलोमीटरमध्ये हा आकडा १४ किलोमीटर भरतो. त्यातच डावे चाक आत झुकलेले असल्याने त्याच्या आतल्या कडेवर भार अधिक पडला. टायरवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर ती टोचीच खूण आहे.

राहिले डावीकडे ओढणे. यासाठी माझा संशय कॅस्टरच्या रकान्यातल्या त्या रेघेवर आहे, म्हणजे न मोजलेल्या कॅस्टरवर. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. खड्ड्याचा मार चाकाला मागे ढकलतो. त्यात लोअर आर्मचा (चाक खालून गाडीशी जोडणाऱ्या भुजेचा) मागचा बुश (रबरी जोड) फाटला, तर चाक किंचित मागे सरकते आणि त्या बाजूचा कॅस्टर घटतो. ब्रेक दाबताना पुढून ‘टक्’ असा एकच आवाज येतो का, ते लक्षपूर्वक ऐका. कॅस्टर मोजण्यासाठी पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना ठरावीक अंशांनी वळवावे लागते. यात पाच मिनिटे जातात, म्हणून गर्दीच्या वेळी ते टाळले जाते. आपण ते मोजून मागा, तो आपला हक्क आहे. गाडी लिफ्टवर असतानाच चाक डाव्या-उजव्या कडांनी धरून हलवले, तर टाय रॉड एंडचा ढिलेपणा कळतो, वर-खाली हलवले तर बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा कळतो, आणि बुशसाठी छोटी पहार लावून आर्म पुढे-मागे रेटून पाहावा लागतो. ढिल्या भागांवर केलेले अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते.

उत्तर २: गोदाकाठ

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त पैसे खर्च करण्यापूर्वी घरीच करता येण्यासारखी एक तपासणी सुचवतो. माझी गाडी दोन वर्षांपूर्वी अशीच डावीकडे ओढत होती आणि मी नाशिकमध्ये दोन ठिकाणी मिळून तीन वेळा अलाइनमेंट करून घेतले. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी पुढचे दोन टायर फक्त एकमेकांच्या जागी बसवले आणि गाडी उजवीकडे ओढू लागली. दोष टायरच्या आतल्या पट्ट्यांमध्ये होता. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर मात्र ही अदलाबदल करू नये.

त्याआधी टायर थंड असताना हवा मोजावी आणि चालकाच्या दरवाज्याजवळील स्टिकरवर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेकडे उतरते असतात, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी निर्दोष गाडीदेखील हात सोडल्यास हळूहळू डावीकडे जाते. म्हणून परीक्षा सपाट, मोकळ्या जागेतच घ्यावी.

उत्तर ३: कोथरूड_ते_कर्वेनगर

दरांविषयी लिहितो, कारण मी पुण्यात कुटुंबातील तीन गाड्यांची बिले सांभाळून ठेवतो. माझ्या बिलांनुसार हॅचबॅकच्या थ्री-डी अलाइनमेंटला टायरच्या दुकानात ४०० ते ६०० रुपये आणि एसयूव्हीला ६०० ते १,००० रुपये लागले आहेत. चार चाकांच्या बॅलन्सिंगला वजने वगळून ३०० ते ५०० रुपये पडतात. अधिकृत केंद्रात दोन्ही कामांचे करासह १,२०० ते १,८०० रुपये झाले. त्यामुळे आपल्याला सांगितलेले ४५० आणि ४०० हे दर मला अगदी रास्त वाटतात. दर बोलताना तो करासह आहे की कराविना, हे मात्र पहिल्याच वाक्यात विचारावे.

खटकते ते ८५ ग्रॅम. वजने प्रतिग्रॅम विकली जात असल्याने इथे ग्राहकाने स्वतः उभे राहून लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल सुकून बसतो. तो धुवून न काढता चाक मशीनवर चढवले, तर त्या चिखलाचा तोल साधण्यासाठी आपण शिसे विकत घेतो आणि पुढच्या धुण्यात चिखल निघाला की थरथर परत येते. जुनी वजने काढल्याशिवाय नवी लावू देऊ नयेत. शेवटी मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य आल्याचे डोळ्यांनी पाहावे. थरथर स्टिअरिंगला जाणवते म्हणजे दोष बहुधा पुढच्या चाकांत आहे. मागच्या चाकांचा दोष असता, तर ती सीटखाली जाणवली असती. तेव्हा आधी दोनच चाके बॅलन्स करून पाहण्यास हरकत नाही.

नायट्रोजनचे २०० रुपये वाचवावेत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. पंधरा दिवसांनी हवा तपासण्याची सवय त्याहून अधिक उपयोगी पडते.

अलाइनमेंटच्या वेळी आणखी एक काळजी घ्यावी. स्टिअरिंग सरळ धरून ठेवण्यासाठी एक आडणी लावतात, ती लावल्यानंतरच टो बसवला पाहिजे. एकदा माझ्या गाडीचा टो बरोबर आला, पण स्टिअरिंग वाकडे राहिले, आणि त्या कारागिराने स्टिअरिंग व्हीलच उपसून सरळ बसवण्याची तयारी केली. मी तिथेच नकार दिला. दोन्ही टाय रॉड एकमेकांच्या उलट सारख्या फेऱ्यांनी फिरवून स्टिअरिंग मध्यावर आणणे, हीच त्याची योग्य पद्धत आहे.

मूळ प्रश्नकर्ता: सातारा_पुणे_फेरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झालेले काम सविस्तर नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

घरी हवा तपासली, ती ठीक होती. टायरांची अदलाबदल केली, तरी गाडी डावीकडेच ओढत राहिली, म्हणून ते पुन्हा मूळ जागी बसवले. करवीर_गॅरेज यांनी सांगितल्यावरून खिडक्या बंद करून आणि रेडिओ थांबवून ब्रेक दाबले, तेव्हा डाव्या पायाखालून आल्यासारखा ‘टक्’ आवाज स्पष्ट ऐकू आला. इतके दिवस तो माझ्या कानांवर पडत असणार, पण लक्षात आला नव्हता.

ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी उचलून पहार लावली, तेव्हा डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशचे रबर अर्ध्या घेरात फाटलेले दिसले आणि आर्म बोटाच्या जाडीइतका मागे सरकत होता. बुशचे ३५० आणि तो प्रेसवर काढून-बसवून देण्याची मजुरी ६०० असे ९५० रुपये झाले. त्यानंतर त्याच टायरच्या दुकानात परत गेलो आणि कॅस्टरसह पूर्ण मोजमाप आधी हवे असल्याचे नम्रपणे सांगितले. तेथील मुलाने काहीही खळखळ न करता ते केले, हे मुद्दाम लिहितो.

बुश बदलल्यानंतर कॅस्टर डावीकडे ३°४०′ आणि उजवीकडे ३°५०′ आला. डाव्या चाकाचा कॅम्बर उणे ०°३२′ आहे, तो तसाच राहू दिला. टो दोन्हीकडे अधिक ०°०३′ बसवला. पुढच्या चाकांच्या रिम धुवून बॅलन्सिंग केले, तेव्हा दोन चाकांना मिळून ४० ग्रॅमच वजन लागले. अलाइनमेंट ४५०, बॅलन्सिंग २००, वजने १२० आणि त्यावर १८ टक्के कर असे ९०९ रुपये दिले. बुशसह एकूण खर्च १,८५९ रुपये झाला.

तिथूनच पाचवडपर्यंत गाडी नेऊन परत आणली. ओढणे थांबले आहे, स्टिअरिंग मध्यावर आहे आणि ताशी ९० किलोमीटरला थरथर नाही. आता एकच शंका उरते. डाव्या टायरच्या आतल्या खाचेची खोली ३.१ मिलिमीटर आणि बाहेरच्या खाचेची ४.६ मिलिमीटर आहे. हा टायर ठेवावा का?

उत्तर ४: करवीर_गॅरेज

ठेवावा. कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असल्याने त्याचे आयुष्य अजून शिल्लक आहे. पुढचे दोन्ही टायर त्याच बाजूने सरळ मागे न्यावेत आणि मागचे दोन उजवे-डावे बदलून पुढे आणावेत. बाणाचे टायर असतील तर सरळच पुढे आणावेत. पुढे येणाऱ्या चाकांचे बॅलन्सिंग तेव्हाच करून घ्यावे. आतल्या खाचेची खोली दर २,००० किलोमीटरला मोजून किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेवावी, आणि पावसाळ्यापूर्वी ती २.५ च्या खाली उतरली, तर मर्यादेची वाट न पाहता टायर बदलावा, कारण भरलेल्या पाण्यावर कमी खाचेचा टायर लवकर तरंगतो. टाय रॉडचे लॉकनट पक्के आवळले आहेत का, हे पुढच्या वेळी गाडी लिफ्टवर चढेल तेव्हा पान्याने एकदा तपासून घ्यावे.