अनुभव सांगा: विंडोज टाकताना पीसी मध्येच बंद पडतो तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि घरोघरचे जुने पीसी माळ्यावरून खाली आले. कुणी ११ टाकतंय, कुणी लिनक्समधलं उबुंटू, कुणी मिंट. त्यामागोमाग सगळीकडून एकच तक्रार: फाइल्स कॉपी होत होत्या आणि मशीन फट्कन बंद. दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर, 'पेनड्राइव्ह बदला.' मला ते पटत नाही. पेनड्राइव्ह खराब असेल तर एरर येते, टक्के एका जागी अडकतात. पंख्यासकट सगळं बंद पडलं तर आधी वीज आणि उष्णता बघावी.

तुमचं काय झालं ते लिहा. फक्त 'बंद झाला' एवढ्यावर सोडू नका. बंद झाला की रीस्टार्ट? कुठल्या टप्प्यावर? लगेच परत चालू झाला का, की थोडं थांबावं लागलं? आणि शेवटी दोष कशात निघाला?

*

सांगली, दुरुस्तीचं दुकान

थांबावं लागलं तर उष्णता, हा माझा पहिला अंदाज. विंडोजच्या सगळ्या फाइल्स एकाच मोठ्या फाइलमध्ये दाबून भरलेल्या असतात. ती उलगडताना प्रोसेसर सतत राबतो. एरवी त्या पीसीवर टायपिंग आणि टॅलीच चालतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही की प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडखडीत झालीय. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. तरीही तापमान चढत राहिलं तर स्वतःला वाचवायला वीज तोडतात. हा बिघाड नाही, संरक्षण आहे.

इंटेलच्या जुन्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. त्यातली एक उचकटलेली असली तरी पंखा मस्त फिरतो, म्हणून लोक फसतात. खाली हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, एका बाजूने अधांतरी असतो. पिना तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबायच्या, जुनी पेस्ट पूर्ण पुसायची, नवी मटाराच्या दाण्याएवढी. जास्त थापली म्हणून जास्त थंड होत नाही.

*

डोंबिवली

आमच्याकडे दोष एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. बाहेर स्टिकर ४५० वॉटचा, वजनाला मात्र हलका. जुनी विंडोज व्यवस्थित चालायची, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, तासभर ठेवला तरी काही नाही. नवीन टाकताना 'उपकरणे तयार होत आहेत' आलं की बंद. ग्राफिक्स कार्ड काढून मदरबोर्डच्याच पोर्टला मॉनिटर लावला तर इन्स्टॉलेशन पूर्ण झालं! कार्ड परत लावलं, ड्रायव्हर बसायला लागला, पुन्हा बंद. मित्राचा चांगला एसएमपीएस लावून बघितला, बंद पडला नाही, तेव्हा खात्री पटली. जुना उघडला नाही, आत बंद केल्यावरही वीज साठलेली असते, पण जाळीतून फुगलेले कपॅसिटर दिसत होते.

दुकानदार वायर जोडून पंखा फिरवून दाखवतो आणि 'चालू आहे' म्हणतो. त्यावर जाऊ नका. पंखा फिरायला किती वीज लागते?

*

रत्नागिरी

पॉवरचं बटण. दमट हवेने आत अडकून बसायचं, आणि चारेक सेकंद दाबलेलं राहिलं की मशीन बंद. मदरबोर्डवरून बटणाची वायर काढली, त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवून पीसी सुरू केला. नंतर सगळं सुरळीत. खर्च शून्य.

*

पुणे, चिप-लेव्हल काम

हा प्रकार फारसा कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. एक लॅपटॉप आला, विंडोज बसत नाही म्हणून. हार्ड डिस्कवर इन्स्टॉलेशन ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जायचं आणि बंद. एसएसडी लावली तर विंडोज बसायची. झालं, सगळ्यांनी हार्ड डिस्कला दोषी ठरवलं. पण एसएसडीवर बसलेल्या विंडोजमध्येही तो थोड्या वेळाने बंद पडत होता, आणि ते कुणी जोडून बघितलं नव्हतं.

मग घड्याळ लावलं. चालू केल्यापासून अर्धा तास झाला की बंद. बायोसमध्ये नुसता ठेवला, तरी अर्ध्या तासाने बंद. गरम नाही, अडॅप्टर चांगला.

इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक छोटा वेगळा प्रोसेसर असतो. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, बायोसच्याच चिपमध्ये राहतं. ते बिघडलं किंवा सापडलं नाही तर बऱ्याच मशीन ३० मिनिटांनी आपोआप बंद होतात. या लॅपटॉपची बायोस चिप आधी कुठेतरी भरून आणली होती आणि तो भाग नीट भरलाच नव्हता. योग्य फर्मवेअर भरलं, लॅपटॉप रात्रभर चालला. एसएसडीवर काम अर्ध्या तासाच्या आत उरकायचं, एवढंच त्यामागचं गुपित.

टक्के बघू नका, वेळ बघा. एसएसडी आणि हार्ड डिस्कवर टक्के वेगळे येतील, मिनिटं तीच येतील.

*

शाळेची लॅब, बुलढाणा जिल्हा

आमचा बंद पडत नव्हता, रीस्टार्ट होत होता, आणि परत पहिल्यापासून भाषा निवडा, डिस्क निवडा. विंडोज बसताना मशीन स्वतःच रीस्टार्ट होते हे मुलांना माहीत नव्हतं. बूट क्रमात, म्हणजे मशीन आधी कशावरून सुरू व्हावी त्या यादीत, पेनड्राइव्ह पहिला, त्यामुळे चक्र चालूच. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढला, पुढे सगळं आपोआप.

*

धागाकर्ता: सर, हेही हवंच होतं. निम्म्या लोकांची तक्रार हीच निघेल.

*

बंगळूर

मिंट टाकताना काळ्या पडद्यावर 'तापमानाची कमाल मर्यादा ओलांडली, बंद करत आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची. लिनक्स निदान सांगून तरी जातो. सेन्सर चुकीचं वाचत असेल तर लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ती मर्यादा दुर्लक्षित करायला सांगता येतं, काही जुन्या लॅपटॉपना त्याने फरक पडतो.

*

सांगली, दुरुस्तीचं दुकान

तो पर्याय आधी वापरू नका हो. आधी पंखा साफ करा, जाळीतला कचऱ्याचा थर काढा. लॅपटॉप खरोखर तापत असेल तर तुम्ही धोक्याची घंटाच काढून ठेवताय.

*

बंगळूर

मान्य. माझ्याकडे थंड लॅपटॉप सुरू केल्या केल्या ती ओळ यायची, म्हणून सेन्सरवर संशय.

*

इंदापूरजवळ, वाडी

आमच्याकडे संध्याकाळी थ्री-फेज आली की सगळ्या विहिरींच्या मोटारी एकदम सुरू. बल्ब मंदावतो, पीसी खल्लास. इन्व्हर्टर असूनही. त्याच्या मागे एक छोटं बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस. नॉर्मलवर तो फार खाली गेलेला व्होल्टेजसुद्धा तसाच पुढे सोडतो, आणि बॅटरीवर जायलाही वेळ घेतो. एसएमपीएस वीज गेल्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि स्वस्तातला तेवढाही नाही. बटण यूपीएसवर केलं, त्रास गेला. लॅपटॉपवाल्यांना बॅटरी चांगली असेल तर याची गरज नाही.

*

ठाणे

माझा अजून सुटलेला नाही. ऑल-इन-वन, म्हणजे मॉनिटरमध्येच पीसी, विंडोज ११ टाकताना फाइल्स उलगडतानाच बंद, प्रत्येक वेळी वेगळ्या टक्क्यांवर. पुण्याच्या दादांनी लिहिलंय तसं बायोसमध्ये ठेवला, पाऊण तास चालू. तापमान ५२.

*

धागाकर्ता: म्हणजे अर्ध्या तासाची भानगड नाही. उष्णता मात्र अजून वगळू नका, बायोसमध्ये प्रोसेसरला काम नसतं. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम टाका आणि चालू ठेवा. रॅमही तपासली जाईल, आणि नवीन आवृत्तीत प्रोसेसरचं तापमान पडद्यावर दिसतं. बंद पडण्याआधी शेवटचा आकडा किती होता ते बघा, आणि अडॅप्टरवर किती वॉट छापलेत तेही लिहा.

*

ठाणे

अडॅप्टर ६५ वॉट. मशीनच्या मागच्या पट्टीवर ९० लिहिलंय.

*

डोंबिवली

मग आधी ९० वॉटचा कुणाकडून तरी मागून आणा, त्याच व्होल्टेजचा. मेमटेस्ट नंतर लावा.