मदत हवी आहे: रस्ता काँक्रीटचा झाला आणि पार्किंगमध्ये पाणी

पार्किंगग्रस्त: समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि पहिल्याच जोरदार सरीला पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. लिफ्टच्या खड्ड्यातही गेलं. तक्रार केली तर "काम ड्रॉइंगप्रमाणे आहे" एवढंच उत्तर. सोसायटीत दोन पार्ट्या झाल्यात. एक म्हणते गेटला उंबरा बांधा, दुसरी म्हणते पंप घ्या. काय करायचं? लवकर सांगा, मीटिंग तोंडावर आहे.

चिवडा_पार्सल: शहर कुठलं? रस्ता पालिकेचा की अंतर्गत? किती उचललाय? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

पार्किंगग्रस्त: पालिकेचा. मुंबईच्या आसपास समजा, शहर मुद्दाम लिहीत नाही, इथे सगळे वाचतात. रस्ता उचललाय हे उघडच आहे ना, म्हणून तर पाणी आलं!

बोअरवेलवाले_काका: पंपच घ्या. मड पंप आणि फ्लोट स्विच, पाणी चढलं की पंप आपोआप सुरू. आमच्याकडे तोच आहे, वॉचमनला झोपेतून उठवावंही लागत नाही.

अर्ज_क्र_एक: काका, पालिकेने पाणी घालायचं आणि सोसायटीने उपसायचं? माहिती अधिकार टाका. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांत उत्तर. रस्त्याचा एल-सेक्शन मागा, म्हणजे रस्त्याच्या लांबीभर पातळी कुठे किती ते दाखवणारं ड्रॉइंग. कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि मालाचे प्रमाणित नमुनेही मागता येतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत, गाऱ्हाणं घालत बसू नका.

बोअरवेलवाले_काका: 30 दिवस लिफ्ट पाण्यात ठेवायची का?

जुना_ओव्हरसियर: जरा थांबा. "उचललाय" म्हणजे कसा? जुन्या डांबरावरच काँक्रीट ओतलं तर ते व्हाइट टॉपिंग. त्यात थर 200 मिमी किंवा जास्त असेल आणि आधी मिलिंग करून डांबर खरवडलं नसेल, तर रस्ता तेवढाच वर येणार. पण बॉक्स कटिंग करून, म्हणजे जुना रस्ता खणून काढून, खोदलं असेल तर खालचं डीएलसी (पायाचं कमी सिमेंटचं काँक्रीट) आणि वरचं पीक्यूसी (रस्त्याचं मुख्य काँक्रीट) दोन्ही खड्ड्यात बसतात, गेटपाशी फरक पडायला नको. गवंड्याला ट्यूब लेव्हल घेऊन बोलवा. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक गेटच्या लादीला, दुसरं रस्त्याच्या कडेला. पाच मिनिटांचं काम आहे.
आणि मुख्य प्रश्न: पाणी गेटवरून आलं की आतल्या चेंबरमधून वर आलं?

डांबरप्रेमी: मुळात गल्लीत काँक्रीट कशाला? उद्या केबलवाला येणार, परवा गॅसवाला, आणि ब्रेकर घेऊन नवा रस्ता फोडणार. डांबर असतं तर निदान ठिगळ लागलं असतं.

जुना_ओव्हरसियर: तो दोष काँक्रीटचा नाही. आधी डक्ट, म्हणजे केबल-पाइप ओवायच्या नळ्या, न टाकता रस्ता ओतण्याचा आहे. शहरी रस्त्याखाली केबल-पाइप कुठे बसवायचे यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं 98 क्रमांकाचं मार्गदर्शन आहे. वाचतो कोण?

शंभूची_आई: तुमच्याकडे झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलंय का? आमच्या लेनमधल्या गुलमोहराला श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाही. दिल्लीसाठी हरित लवादाने 2013 मध्ये बुंध्याभोवती 1 मीटर मोकळा ठेवायला सांगितलं होतं.

सांताक्रूझ_944: रस्त्याला काय धरून बसलात! मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला 25 मिमी पावसाच्या हिशोबाची. ब्रिमस्टोवॅड या पालिकेच्या गटार सुधारणा प्रकल्पात तो आकडा 50 केला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला. आता करा गणित.

चिवडा_पार्सल: त्यांच्याकडे एक सर पडलीये, 26 जुलै नाही.

पार्किंगग्रस्त: चेंबरमधूनच आलं. वॉचमन म्हणतो, आधी झाकण हललं, तेव्हा रस्ता नुसता ओला होता. वास नव्हता, गढूळ पाणी. आणि अर्धाच रस्ता झालाय, पलीकडची बाजू अजून ओतायची आहे. पण याचा इथे काय संबंध? उंबरा किती उंच बांधायचा ते सांगा.

जुना_ओव्हरसियर: अहो, सगळा संबंध इथेच आहे. उंबरा बांधलात तर चेंबरचं पाणी आतच कोंडेल आणि लिफ्ट आणखी बुडेल. वास नाही म्हणजे ड्रेनेज नव्हे, पावसाळी लाइन. आतलं पाणी बाहेर जात नाहीये. एकतर खोदताना जेसीबीखाली तुमचा पाइप चेपला, नाहीतर नव्या गटाराचा तळ तुमच्या पाइपच्या तळापेक्षा वर बसवला. पंपाचं पाणी त्याच चेंबरला सोडलंत तर ते फिरून तुमच्याकडेच येणार.
उघडीप असताना शेवटच्या चेंबरात बादलीभर निळीचं पाणी ओता, मागून नळाची पाइप सोडून ठेवा. बाहेरच्या पुढच्या चेंबरात निळं दिसतं का बघा. चेंबरात स्वतः उतरू नका, कुणाला उतरवूही नका.

बोअरवेलवाले_काका: पंपाचं पाणी रस्त्यावर सोडायचं हो.

अर्ज_क्र_एक: म्हणजे समोरच्या सोसायटीत. वा.

पार्किंगग्रस्त: निळीचं केलं. बाहेर थेंब नाही, आमच्याच चेंबरात तुंबलं. ट्यूब लेव्हलही घेतली, गेटपाशी रस्ता जेमतेम दोन बोटं वर आहे. सोमवारी पालिकेचा जेई (ज्युनियर इंजिनिअर) पाहणीला येतोय. त्याला काय विचारू? दोन ओळींत सांगा.

जुना_ओव्हरसियर: दोन ओळींत मावत नाही. निळीचा व्हिडिओ दाखवा. तुमच्या शेवटच्या चेंबरची आणि बाहेरच्या गटाराची इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे तळाची पातळी, त्याच्यासमोर मोजून घ्या. बाहेरचा तळ खाली असेल तर पाइप चेपलाय किंवा बुजलाय, तेवढा तुकडा खोदून बदलायचा. वर असेल तर तुमची जोडणी पुढच्या खोल चेंबरला न्यायला लागेल. ती रस्ता ओलांडून जाणार असेल तर पलीकडची बाजू ओतायच्या आधीच पाइप टाकायला सांगा. आणि पाहणीची नोंद लेखी घ्या, आवक शिक्का मारून. तोंडी "बघतो" वर गेट सोडू देऊ नका.

शंभूची_आई: जेई येतोय तर झाडांचंही विचारा ना प्लीज.