मदत हवी आहे : भावाचा व्हायरल लोड आटोक्यात, पण घरातल्या भीतीने गोळ्या चुकताहेत

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचते, पण आता सल्ला हवाय.

माझा धाकटा भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. दोन वर्षं एआरटी (विषाणूला दाबून ठेवणारं औषध) चालू आहे, रोज रात्री एक गोळी. मागचे तिन्ही व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) रिपोर्ट 'नॉट डिटेक्टेड', म्हणजे सापडण्याइतकाही नाही, असे आलेत. वहिनी निगेटिव्ह आहे. (तरी नातेवाईक बोल लावतात तो तिलाच, ते दुखणं वेगळंच.)

आईने त्याचा पेला वेगळा ठेवलाय. त्याबद्दल कुणी बोलत नाही, पण फळीवर कोपऱ्यात पालथा असतो तो त्याचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परवा त्याच्या चार वर्षांच्या मुलीने त्यातून पाणी प्यायला घेतलं, तर आईने पेला तिच्या हातातून हिसकावला. भाऊ समोरच होता. काही न बोलता उठून गेला.

आता त्याच्या गोळ्या चुकू लागल्यात. डबी हलली की खुळखुळते, म्हणून तो गोळ्या कागदात गुंडाळून पाकिटात ठेवतो. पाहुणे असले की "कसली गोळी?" विचारतील म्हणून घेतच नाही. गेल्या महिन्यात चार दिवस बुडाले. असं होत राहिलं तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, हे त्यालाही माहीत आहे.

आईला सांगून थकले की पेल्याने, उष्ट्याने, जवळ घेतल्याने हे लागत नाही. ९ देशांतल्या १७६३ जोडप्यांचा अभ्यासही सांगितला : औषध लगेच सुरू केल्यावर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं, हे २०११ मध्येच दिसलंय. आणि लोड सापडण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. ती म्हणते, "असेल खरं, पण घरात लहान लेकरू आहे." तिची माया कमी नाही, तो घरी येईपर्यंत ती जागी असते.

ज्यांच्या घरी असं झालंय, त्यांनी कृपया सांगा : आईसारख्या माणसाची भीती नेमकी कशाने गेली? समुपदेशकांनी समजावल्याने, की घरातलंच कुणी त्या पेल्याने पाणी प्यायल्याने? भाऊ आईला समुपदेशकांकडे सोबत न्यायला तयार नाही आणि त्याच्या मर्जीविरुद्ध मला काही करायचं नाही.

शिवाय, माणसांनी भरलेल्या घरात तुम्ही गोळीची वेळ कशी सांभाळता? गोळी मूळ डबीतून काढून ठेवलेली चालते का, हे डॉक्टरांना विचारणारच आहे.