जीडीबी डीबगरमध्ये चालू लाइन दाखवणारा बाण उलटसुलट का पळतो? सोर्स लाइन आणि असेंब्ली जुळतच नाहीये

निशाचर_कोडर:
जाणकारांनो, दोन रात्री डोकं खातंय हे. सी चा छोटासा प्रोग्राम, जीसीसी कंपायलरने -जी (डीबगची माहिती) आणि -ओ२ (ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणं) लावून बिल्ड केलाय. एक लूप ८०० वेळा फिरतो, त्यात ४१ व्या लाइनवर रुंदी गुणिले उंची एवढंच आहे, तिथे ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) टाकला तर तो एकदाच लागतो!! उत्तर बरोबर येतंय म्हणजे लूप फिरतोय हे नक्की. स्टेप करत गेलो तर ३९ वरून ४१, परत ३९, मग ४३, मग भलत्याच हेडर फाइलमध्ये. शेवटी डिसअसेंबल /एम (सोर्ससोबत असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन दाखवणारी कमांड) मारलं तर त्यात ॲड्रेसच वरखाली. कुठली इन्स्ट्रक्शन कुठल्या लाइनची हे ओळखायचं कसं? डीबगर गंडलाय की मी?

बिटकिडा:
कोणीच गंडलेलं नाही. रुंदी आणि उंची लूपमध्ये बदलत नाहीत ना? मग कंपायलर तो गुणाकार ८०० वेळा कशाला करेल, त्याने तो उचलून लूपच्या आधी नेऊन ठेवला असणार, फक्त ४१ चा शिक्का तसाच राहिला. ब्रेकपॉइंट शेवटी ॲड्रेसवर बसतो, लाइनवर नाही, म्हणून एकदाच लागला.
आणि /एम सोडून दे. ते सोर्सच्या क्रमाने लावतं, त्यामुळे ऑप्टिमाइझ केलेल्या कोडमध्ये नुसता गोंधळ, शिवाय इनलाइन झालेल्या (कॉल न करता जागेवरच घातलेल्या) फंक्शनचा सोर्स दाखवतच नाही. जीडीबी ७.१० पासून /एस आहे, ते ॲड्रेसच्या क्रमाने जातं आणि फाइल बदलली की तिचं नावही देतं. तुझी ती हेडर फाइल तिथे दिसेल बघ.

रिकामा_पॉइंटर:
एवढं कशाला, -ओ० ने (ऑप्टिमायझेशन बंद) बिल्ड कर, विषय संपला

बिटकिडा:
@रिकामा_पॉइंटर संपला कुठे, -ओ० मध्ये बगच गायब झाला तर काय करशील? फारतर -ओजी (डीबगिंगला सोयीचं ऑप्टिमायझेशन) लाव, जीसीसी ४.८ पासून आहे. पण जे बायनरी चालतंय तेच बघायचं असेल तर असेंब्लीला पर्याय नाही.

जुनी_खोडं:
थोडी भर घालतो. -जी ने इन्स्ट्रक्शन बदलत नाहीत, सोबत ड्वार्फ या फॉरमॅटमधली डीबगची माहिती जाते, त्यात लाइन टेबल असतं: हा ॲड्रेस, ही फाइल, ही लाइन. म्हणजे ॲड्रेसवरून लाइन सरळ मिळते, उलटं जायला लागलं की घोळ, कारण एकाच लाइनचे तुकडे चार ठिकाणी असू शकतात, आणि काहींना लाइन ० असते, म्हणजे कंपायलरने स्वतःच घुसडलेलं, सोर्समध्ये शोधत बसू नका. इन्फो लाइन ४१ दिलं की सुरुवातीचा आणि शेवटचा ॲड्रेस मिळतो. मी स्वतः लेआउट स्प्लिट लावून स्टेपआय (एकेक इन्स्ट्रक्शन पुढे) करत जातो, वर सोर्स खाली असेंब्ली, कंटाळवाणं आहे पण एकदा हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. आणि बिल्ड केल्यावर सोर्समध्ये एक ओळ जरी वाढवली असेल तर सगळंच सरकतं, ते आधी बघा.

निशाचर_कोडर:
/एस ने सापडलं!! ४१ खाली एकच आयमुल (गुणाकाराची इन्स्ट्रक्शन), लूपच्या लेबलच्या वर. हेडरवालं फंक्शन इनलाइन होऊन ४३ च्या मध्ये घुसलंय.
अजून एक, क्रॅशच्या लॉगमधले रिटर्न ॲड्रेस ॲडर२लाइनला (ॲड्रेसवरून लाइन सांगणारं टूल) दिले तर कधीकधी कॉलच्या पुढची लाइन येते, हेही ऑप्टिमायझेशनच का?

जुनी_खोडं:
नाही, ते वेगळं. रिटर्न ॲड्रेस म्हणजे कॉलच्या नंतरची इन्स्ट्रक्शन, ती पुढच्या लाइनची असू शकते. ॲड्रेसमधून १ वजा करून दे. सगळ्यात वरच्या फ्रेमला (जिथे क्रॅश झाला त्या फंक्शनच्या नोंदीला) मात्र वजा करू नको, तिथे खरोखर क्रॅश झालेल्या इन्स्ट्रक्शनचाच ॲड्रेस असतो.