‘बसवणे’, ‘लावणे’ की ‘जोडणे’? स्टेअरिंग कॉलमच्या कव्हरसाठी क्रियापद हवं आहे

आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितो आहे. स्टेअरिंग कॉलमची (म्हणजे स्टेअरिंगच्या चाकामागच्या दांड्याची) प्लॅस्टिकची दोन कव्हरं, वरचं आणि खालचं, काम झाल्यावर परत लावायची कृती आहे. जुन्या मसुद्यात ‘आच्छादन पुनःस्थापित करावे’ असं छापलंय. त्याऐवजी काय लिहावं?

प्रतिसाद १
‘बसवणे’च लिहा. ‘लावणे’ फारच ढोबळ आहे; लेबलही लावतात, दारही लावतात. ‘बसवणे’ला ‘बसणे’ची जोड आहे, ती इथे फार कामाची. ‘बसवलं, पण बसलं नाही’ एवढं म्हटलं की मेकॅनिकला काय बिघडलंय ते कळतं. वरचं कव्हर ठेवायचं, किल्लीच्या कुलपाभोवतीची रिंग आणि इंडिकेटर-वायपरच्या दांड्या आपापल्या खाचेत आल्या की खालचं वर दाबायचं. कडेची लॉकं टक् टक् वाजतात. मग जोडावरून बोट फिरवायचं. फट लागली तर बहुधा वायर मधे आलीय, नाहीतर एखादं लॉक खोबणीबाहेर राहिलंय. ती फट स्क्रू आवळून मिटवायची नाही! वायर चेपते, प्लॅस्टिक चिरतं. म्हणून टिपणात सरळ लिहा: ‘कव्हर नीट बसल्यावरच स्क्रू लावा.’

प्रतिसाद २
सहमत. स्क्रूसाठी ‘आवळा’ लिहा, आणि ‘पिळू नका’ हेही आवर्जून लिहा. हे स्क्रू प्लॅस्टिकमध्येच आटे पाडतात. दर वेळी नवे आटे पडले की भोक सैल होतं, मग ‘आटे गेले’ म्हणायची वेळ येते. आधी स्क्रू हलक्या हाताने उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात तो किंचित खाली उतरतो, बोटांना कळतं. तिथून सुलटा. पॉवर ड्रायव्हर नको, हातातलाच पेचकस.

प्रश्नकर्ता
फार उपयोगी. आणि स्टेअरिंग वर-खाली करायचा तो लिव्हर?

प्रतिसाद १
‘टिल्टचा खटका’ म्हणा, पोरांना कळेल. खालचं कव्हर बसवताना तो खाली ओढलेला असला की हात शिरायला जागा मिळते.

प्रतिसाद ३
एक शब्द मात्र जपून वापरा. एअरबॅगच्या गाडीत स्टेअरिंगही उतरवायचं असेल, तर सुरुवातीला ‘बॅटरी काढा’ असं लिहू नका. मुलं आख्खी बॅटरी उचलून बाहेर ठेवतात. ‘बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा’ असं लिहा.