७ टेस्ला एमआरआयसाठी भावाला जर्मनीला नेऊ का? लवकर सांगा

गोदाकाठ: भावाच्या मेंदूत गाठ आहे, ग्लायोमा. परवाच्या रिपोर्टमध्ये 'वाढ नाकारता येत नाही' असं आलंय. डॉक्टर म्हणतात, तीन महिने थांबू, परत स्कॅन करू. तीन महिने घरात कसे काढायचे? मावसबहीण जर्मनीत आहे, ती म्हणते तिकडे ७ टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं मशीन आहे, सगळं स्वच्छ दिसतं. व्हिसाचा अर्ज करू का?

मंदार७४: इथला स्कॅन १.५ टेस्लावर की ३ वर? कॉन्ट्रास्ट (गाठ ठळक दिसावी म्हणून नसेतून देतात ते औषध) दिलं होतं? ऑपरेशन झालंय का?

गोदाकाठ: १.५. सुई दिली होती. ऑपरेशन २०२१ लाच झालं.

गौरी_नेदरलँड्स: मग कवटीला प्लेट-स्क्रू असणार. ३ टेस्लाला चालतात म्हणजे ७ ला चालतातच असं नाही. मी ७ टेस्लावरच काम करते, आम्ही आधी इम्प्लांटचा कागद मागतो. ऑपरेशनच्या फाइलमध्ये छोटा स्टिकर चिकटवलेला असतो, तो शोधा. आणि गाठ नेमकी कुठे आहे?

श्रीकांत_दादा: जाच तुम्ही! आमच्या वहिनींची पिट्युटरीची (मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीची) गाठ ३ ला दिसली नव्हती, ७ ला दिसली.

गौरी_नेदरलँड्स: दादा, तिथे दोन-तीन मिलिमीटरची गाठ शोधायची असते, ७ चा उपयोग होतो. इथे गाठ कुठे आहे ते माहीतच आहे. ती वाढतेय की रेडिएशनची सूज आहे, हा प्रश्न आहे. रेडिएशन झालंय ना?

श्रीकांत_दादा: अमेरिकेत ७ टेस्लाला २०१७ पासून डोक्यासाठी मान्यता आहे. उगाच मान्यता देतील का?

अनुजा_पुणे: आईला बंद मशीनमध्ये जीव गुदमरतो. पुण्यात ओपन एमआरआय कुठे आहे?

मंदार७४: ताई, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

गोदाकाठ: रेडिएशन संपून अडीच महिने झाले. गाठ उजव्या कानशिलामागे.

गौरी_नेदरलँड्स: नेमका तोच भाग ७ ला बरेचदा काळपट येतो, रेडिओ लहरी डोक्यात सारख्या पोचत नाहीत. आणि रेडिएशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सूजही वाढीसारखीच दिसते, म्हणून डॉक्टर थांबायला सांगत असावेत. तरी ३ टेस्लावर परफ्युजन (गाठीतला रक्तप्रवाह बघणं) आणि स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायनं बघणं) आताच करता येईल का, हे त्यांना विचारा. जुन्या सगळ्या सीडी सोबत न्या, शेजारी ठेवून बघितल्याशिवाय वाढ कळत नाही.

गोदाकाठ: २०२१ ची सीडी सापडत नाहीये. जिथे स्कॅन काढला तिथे अजून मिळेल का?